नट-नटी आणि डिझायनर यांची जोडी: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाटकांच्या कपडेपटाचं काम करते. सिनेमाची युनिटं गोव्यात शूटिंगला आली की त्यांच्या वेशभूषा विभागात मदतीलाही जाते. इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) जवळ आला की म्हापसा, फोंडा, डिचोली, पेडण्याकडची शिवणकाम आणि डिझाइन शिकणारी मुलंमुली तेच तेच प्रश्न घेऊन येतात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरोखर बरंच आहे.

फॅशन डिझायनर, कॉस्च्युम डिझायनर आणि स्टायलिस्ट एकच का?

तिघांची कामं वेगळी. फॅशन डिझायनर स्वतःच्या लेबलखाली कपडे काढतो, ते कोणीही विकत घेऊ शकतं. कॉस्च्युम डिझायनर पटकथा वाचून पात्रासाठी कपडे ठरवतो. पात्र गरीब असेल तर त्याला विटका सदराच द्यावा लागतो, मग तो घालणारा नट कितीही मोठा असो. स्टायलिस्ट शिवत काहीच नाही. कार्यक्रमाला, मुलाखतीला, रेड कार्पेटला कलाकाराने काय घालायचं ते निवडायचं, ठिकठिकाणच्या डिझायनरांकडून मागवायचं, दागिने-चपला जुळवायच्या आणि काम झालं की सगळं परत पाठवायचं, हे त्याचं काम. कधीकधी एकच माणूस तिन्ही कामं करतो, त्यामुळे गोंधळ होतो.

एखाद्या कलाकाराची आणि डिझायनरची जोडी जमली म्हणतात, तेव्हा नेमकं काय झालेलं असतं?

हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न आणि फ्रेंच डिझायनर ह्युबर्ट द जिव्हाँशी यांचं उदाहरण सगळे देतात, मीही देते. 1953 साली पॅरिसमध्ये जिव्हाँशींना निरोप गेला की मिस हेपबर्न येत आहेत. त्यांना वाटलं तेव्हाची नामांकित नटी कॅथरीन हेपबर्न येणार. दारात उभी राहिली ती तेव्हा फारशी कोणाला माहीत नसलेली, सडपातळ ऑड्री. नवे कपडे शिवायला त्यांना वेळ नव्हता, म्हणून तिने तयार कलेक्शनमधूनच ‘सब्रिना’ या सिनेमासाठी कपडे निवडले. तिथून सुरू झालेली मैत्री 1993 साली तिच्या मृत्यूपर्यंत टिकली. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मधला काळा ड्रेस त्याच मैत्रीतला. त्यासाठी बनवलेला एक ड्रेस 2006 साली लंडनमध्ये लिलावात 4 लाख 67 हजार 200 पौंडांना गेला आणि ते पैसे भारतातल्या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मिळाले.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की चाळीस वर्षांत त्या माणसाला तिचे खांदे, तिची मान, तिची चालण्याची ढब पाठ झाली होती. कपडा अंगावर ‘बसतो’ तेव्हा अर्धं काम कात्रीचं असतं आणि अर्धं ओळखीचं. एका सिनेमापुरतं एकत्र आलेल्या दोघांत ही ओळख क्वचितच होते.

हे सगळं हॉलिवूडकडून आपल्याकडे आलं ना?

मुळीच नाही. आपल्याकडे हे संगीत नाटकाच्या रंगभूमीवर आधीच घडलं होतं. बालगंधर्व (1888–1967) भामिनी किंवा रुक्मिणी होऊन रंगमंचावर यायचे तेव्हा अंगावर खरे शालू, खऱ्या पैठण्या असायच्या. नाटक बघून घरी गेलेल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायचा प्रयत्न करायच्या. नट आणि बाजार यांचं नातं त्यापेक्षा वेगळं काय असतं? गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकरही स्त्रीभूमिका करायचे. त्यांची बळवंत संगीत मंडळी 1918 साली निघाली. त्या काळच्या नाटक कंपन्यांत कपडेपट सांभाळणारा माणूस हाच नटाचा डिझायनर. कोणता रंग गॅसबत्तीत उजळतो, कोणता मरतो, हे त्याला तोंडपाठ असायचं. त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, याची मला फार खंत वाटते.

सिनेमात आपलं मोठं नाव म्हणजे कोल्हापूरच्या भानू अथय्या (1929–2020). मूळच्या राजोपाध्ये. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेल्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह 1983 साली त्यांना ऑस्कर मिळालं, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पुढे 2012 साली, आपल्या मागे नीट जपलं जावं म्हणून, त्यांनी ते पदक अकादमीकडे परत ठेवायला दिलं.

‘आम्रपाली’साठी वैजयंतीमालाचे कपडे त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासून केले. ‘ब्रह्मचारी’तल्या मुमताजच्या नारिंगी साडीची गोष्ट मी शिकाऊ मुलींना नेहमी सांगते. नाचताना साडी सुटता कामा नये, आणि अंगाला घट्टही बसली पाहिजे. मग साडी आधीच आकारात शिवून तिला आतून चेन लावली. बघणाऱ्याला ती नेसलेलीच वाटते. आज दुकानात ‘रेडी टू वेअर’ म्हणून मिळणाऱ्या साड्यांचं मूळ शोधायला गेलं तर ते एका नटीच्या नाचाच्या गरजेत सापडतं. 1968 सालची गोष्ट आहे ही.

अलीकडच्या हिंदी सिनेमातलं उदाहरण?

1995 सालचा ‘रंगीला’. उर्मिला मातोंडकर आणि मनीष मल्होत्रा. त्याआधी नायिकेचे कपडे गाण्यागणिक वेगळे आणि एकमेकांशी काही संबंध नसलेले असायचे. इथे एका मुलीचं कपाट आहे असं वाटलं, आणि मल्होत्रांना त्या कामासाठी फिल्मफेअरही मिळालं. मराठीत ‘बालगंधर्व’ चित्रपटासाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नटाने स्त्री होणं आणि ती स्त्री प्रेक्षकाला पटणं, यातला मोठा भाग त्या लुगड्यांनी उचलला होता.

यात गोव्याचा वाटा काय? आम्ही फक्त शूटिंगचं ठिकाणच का?

हा प्रश्न मुलं थोड्या रागाने विचारतात, आणि तो राग मला आवडतो. उत्तर आहे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स.

1960 साली जन्मलेले वेंडेल कोलवाळला राहायचे. मुंबईत नाव कमावलं, देशोदेशी शो केले, पण राहायला आणि कामाला गोवाच धरला. भरजरी लेहंग्यांची लाट असताना त्यांनी पांढरं सुती, सैल, अंगाला हवा लागू देणारं कापड रॅम्पवर आणलं. ते कपडे बघताना कळायचं की हा माणूस दमट हवेत वाढलाय. 2014 साली पद्मश्री मिळाली. गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावर त्यांनी ‘मोडा गोवा’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि कोलवाळचं आपलं जुनं घर त्याच विषयाच्या संग्रहालयासाठी दिलं. 2016 साली लेबल शुलेन फर्नांडिस यांच्या हाती सोपवून ते बाजूला झाले. 2020 च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा कोलवाळला किती वेगवेगळ्या थरांतली माणसं हळहळली होती!

सिनेमाशी त्यांचं नातं उलट्या बाजूचं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त भावतं. एरवी डिझायनर स्टारच्या मागे जातो. वेंडेल यांनी स्टार होण्याआधीच्या मुली हेरल्या. अनुष्का शर्मा 2007 साली लॅक्मे फॅशन वीकमध्ये पहिल्यांदा रॅम्पवर चालली ती त्यांच्या शोमध्ये. दीपिका पदुकोणही मॉडेल असताना त्यांच्यासाठी चालायची. दिग्दर्शिका फराह खान नवा चेहरा शोधत होत्या तेव्हा मलायका अरोरामार्फत तिचं नाव पुढे गेलं ते वेंडेल यांच्या शिफारशीवरून. पुढे तिचा पहिला हिंदी सिनेमा ‘ओम शांती ओम’ आला. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याआधी त्या मुलींना चालणं, थांबणं, कपडा सांभाळणं शिकवणाऱ्यांत एक गोंयकार होता.

कुणबी साडीचं पुनरुज्जीवन त्यांनीच केलं ना? नटीने ती नेसली तर विणकराला काही मिळतं का?

कुणबी साडी आधी नीट समजून घ्या. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं जाडसर सुती कापड, शेतात काम करायला सोयीची आखूड नेसण, खांद्यावर मारलेली गाठ. कुणबी आणि गावडा समाजातल्या बायकांची ही साडी. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि गोव्यातले माग थंडावले. लोकनृत्याच्या कार्यक्रमात दिसते तीही बऱ्याचदा बाहेरून आलेली, छापील चौकड्यांची असते. 2010 च्या सुमारास वेंडेल यांनी ती पुन्हा विणून घ्यायला सुरुवात केली, नवे रंग दिले, रॅम्पवर आणली.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. नटीने साडी नेसली की चार-आठ दिवस फोटो फिरतात, चौकशा वाढतात. त्या चौकशीचं ऑर्डरीत रूपांतर व्हायला हवं असेल तर माग आधीच चालू असावा लागतो. हातमागावर साडी व्हायला दिवस लागतात, गिऱ्हाइकाला मात्र पुढच्या रविवारच्या लग्नाला हवी असते. मग कुठलातरी पॉवरलूमवाला त्याच चौकड्या छापून आठवड्यात बाजार भरून टाकतो. नाव गोव्याचं, पैसा दुसरीकडे. म्हणून माझं ठाम मत आहे: नटीचा फोटो यायच्या आधी विणकराकडे साठा पाहिजे, निदान आगाऊ रक्कम तरी पोचलेली पाहिजे. डिझायनरने स्टारशी बोलणी करण्याआधी विणकराशी करावीत. आणि घेणाऱ्याने हातमागाची खूणचिठ्ठी मागून घ्यावी. ‘हँडलूम मार्क’ 2006 पासून आहे, त्याची सवय मात्र आपल्याला अजून लागलेली नाही.

ट्रायलच्या खोलीत नक्की काय चालतं?

बाहेरच्यांना वाटतं नटी आरशासमोर गिरक्या घेत असेल. खरी ट्रायल म्हणजे टाचण्या, खडू आणि उकाडा.

पहिल्या ट्रायलला कपडा कच्च्या टाक्यांवर असतो. डिझायनर सांगतो, हात वर करा, खाली बसा, पायरी चढा, मागे वळून बघा. हात वर केल्यावर ब्लाउज बरगडीवरून किती सरकतो ते बघायचं. बसल्यावर पोटाशी चुण्या कुठे पडतात ते बघायचं आणि तिथे खडूची रेघ मारायची. शिवणीत आत दाबाचं कापड भरपूर ठेवावं लागतं, कारण शूटिंग दोन-चार महिने चाललं तर माणसाचं अंग बदलतं. ब्लाउजला दोन्ही बाजूंना बोटभर दाब ठेवला नाही तर ऐनवेळी मधे कळी (कापडाची जादा पट्टी) जोडावी लागते, आणि क्लोजअपमध्ये ती दिसते.

मग कॅमेऱ्याची भानगड. पांढराशुभ्र कपडा दिव्यांखाली डोळ्यांत खुपतो, म्हणून तो चहाच्या पाण्यातून काढतात. बारीक रेघा आणि बारीक चौकड्या पडद्यावर थरथरतात. आपल्या कुणबी चौकडीचं काम इथेच अडतं. चौकडी मोठी घेतली तर चालते, बारीक घेतली तर छायालेखक नको म्हणतो. कडक रेशीम असेल तर ध्वनिमुद्रण करणारा धावत येतो, कारण कॉलरच्या माइकमध्ये त्याची सळसळ संवादापेक्षा मोठी ऐकू येते. पावसाचं किंवा मारामारीचं दृश्य असेल तर त्याच कपड्याच्या तीन-चार प्रती लागतात, त्यातली एक जुनी करून, एक फाडून. बाही किती दुमडली होती, कितवं बटण उघडं होतं, याचे फोटो काढून ठेवायचं काम सहायकाचं. पुढचा शॉट पंधरा दिवसांनी लागतो आणि तेव्हा कोणालाच काही आठवत नाही.

या सगळ्यात कलाकार तास-दीड तास एका जागी उभा असतो, अर्धवट शिवलेल्या कपड्यात. तिथे तो डिझायनरला सांगू शकला पाहिजे, की मला दंड दाखवायला आवडत नाही, किंवा या गळ्यात मला श्वास घेता येत नाही. हे सांगता येणं आणि ते ऐकून घेतलं जाणं, यावरच जोडी उभी राहते.

कपड्यांचे पैसे कोण देतं?

सिनेमात निर्माता. रेड कार्पेटला बहुतेक वेळा कोणीच नाही: डिझायनर कपडा वापरायला देतो, कलाकार घालतो, दुसऱ्या दिवशी स्टायलिस्टचा सहायक तो परत पोचवतो. बदल्यात डिझायनरचं नाव फोटोखाली येतं. लग्नाचे कपडे कधी विकत, कधी सवलतीत, कधी प्रसिद्धीच्या बदल्यात. नव्या डिझायनराने एक ध्यानात ठेवावं: कपडा देताना चलन (कपडा दिल्याचा कागद) करा, परत यायची तारीख लिहा, डाग पडला किंवा फाटला तर भरपाई कोण देणार ते आधीच ठरवा. मोठं नाव समोर असलं की कागद मागायला लाज वाटते. लाजू नका, चांगले स्टायलिस्ट स्वतःच कागद पाठवतात.

श्रेय कोणाचं? स्टारचं, डिझायनरचं, की शिवणाऱ्याचं?

‘सब्रिना’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं ते स्टुडिओच्या कॉस्च्युम डिझायनर एडिथ हेड यांना. जिव्हाँशींचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. सत्तर वर्षं लोटली तरी त्यावर लोक बोलतात.

आपल्याकडचं एक उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. 2018 साली दीपिकाचं लग्न कोकणी पद्धतीने झालं. तिच्या साडीचं श्रेय आधी सब्यसाचींच्या नावावर गेलं. नंतर त्यांनीच जाहीरपणे कळवलं की कोकणी रीतीप्रमाणे वधूची साडी आईकडून येते, ही साडी आईने दिलेली आहे आणि ती बंगळुरूच्या अंगडी गॅलरियाची आहे. एवढ्या मोठ्या डिझायनरने दोन ओळींत दुरुस्ती केली, आणि त्याचं काहीही कमी झालं नाही. आपल्याकडे आईच्या, मामाच्या घरून येणाऱ्या साडीला काय मान असतो हे वेगळं सांगायला नको. तिथे डिझायनरचं नाव चिकटवणं म्हणजे त्या माणसांना मांडवाबाहेर बसवणं.

विणकर, जरीकाम करणारा, मास्टरजी, फॉल-पिको करणारी बाई, या सगळ्यांची नावं पोस्टमध्ये मावतात. जागा लागत नाही, इच्छा लागते.

स्टारने एखादा कपडा घातला तर ती जाहिरात समजायची का?

पैसे, फुकट वस्तू, सवलत, भागीदारी यातलं काहीही मिळालेलं असेल तर ते स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नियमावली जानेवारी 2023 मध्ये आली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. तेव्हा फोटोखाली ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क’ असं लिहिलंय का ते बघा.

कलाकारांचे स्वतःचे ब्रँड असतात, त्यात डिझायनर कोण असतो?

बहुधा कंपनीने नेमलेली टीम. दीपिकाचा ‘ऑल अबाउट यू’ 2015 साली आला, अनुष्काचा ‘नुश’ 2017 साली, आलिया भटचा लहान मुलांच्या कपड्यांचा ‘एड-अ-मम्मा’ 2020 साली. स्टार कल्पना, चेहरा आणि थोडंफार मत देतो. यात वाईट काही नाही, पण वर म्हटलेली जोडी ही नव्हे.

माझं डिझाइन कोणी उचललं तर?

डिझाइन कायदा 2000 खाली नोंदणी करता येते. संरक्षण 10 वर्षांचं, आणखी 5 वर्षं वाढवता येतं. पण अर्ज डिझाइन जगासमोर यायच्या आधी करावा लागतो. मुलं आधी इन्स्टाग्रामवर टाकतात आणि मग विचारायला येतात. नोंदणी नसेल आणि तोच कपडा कारखान्यात 50 पेक्षा जास्त नग काढला असेल तर कॉपीराइटचाही आधार उरत नाही. मोठ्या कलाकारासाठी काही खास केलं असेल तर फोटो बाहेर पडायच्या आधी वकिलाला एकदा भेटा. आणि पारंपरिक चौकडी, पारंपरिक नेसण ही तुमची नव्हे, समाजाची आहे. तिच्यावर स्वतःची मालकी सांगायला जाऊ नका.

इफ्फीच्या रेड कार्पेटला गोव्याच्या हवेत काय टिकतं?

इफ्फी 2004 पासून गोव्यात होतो, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. दिवसा ऊन, संध्याकाळी मांडवीवरून ओलसर वारा. ऑर्गन्झा (पातळ, कडक कापड) तासाभरात मलूल पडतो. रेशमावर घामाचे डाग उमटतात, म्हणून काखेत आतून सुती पट्टी शिवा. सुती, खादी, तलम हातमाग सुरेख राहतं, फक्त स्टीमर सोबत ठेवा आणि निऱ्या घातल्यावर एकदा वाफ द्या. जमिनीवर लोळणारा पदर नको, मागचा पाहुणा हमखास पाय देतो. बाहेरून येणाऱ्या स्टायलिस्टांना हे ठाऊक नसतं, आणि इथेच आपल्या मुलांना काम मिळतं. ऐनवेळी ब्लाउज उसवून देणारी, पणजीत सातनंतर कोणत्या दुकानात हुक मिळतील हे सांगणारी मुलगी त्यांना लाख मोलाची असते.

आम्ही गावच्या जत्रेतलं नाटक करतो. आम्हाला यातलं काय घेता येईल?

पुष्कळ. भाड्याच्या कपडेपटातून येतील ते कपडे मुकाट्याने घालू नका. तालमीच्या दुसऱ्या आठवड्यातच मापं द्या, आणि राजाचा शेला प्रत्यक्ष घालून एक तालीम करा. पेडण्याकडच्या दशावतारी नटांकडे बघा: स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा नट, स्वतः नऊवारी नेसतो, दागिना स्वतः निवडतो, मुकुट स्वतः सांभाळतो. नट आणि डिझायनर एकाच अंगात, म्हणून त्याच्या देवीला पाहून लोक हात जोडतात. असा कोणी तुमच्या पंचक्रोशीत असेल तर एक रात्र त्याच्या रंगपटात बसून या.

मला या क्षेत्रात यायचंय. स्टारपर्यंत पोचायचं कसं?

स्टारला मेसेज करण्यात वेळ घालवू नका, तो वाचलाच जात नाही. स्टायलिस्टच्या सहायकाला गाठा. कपडे तोच मागवतो. पाच-सहा कपड्यांचे स्वच्छ फोटो, पुढून, मागून आणि एक शिवणीचा. माप, कापड आणि तो कपडा किती दिवसांत पाठवू शकता ते खाली लिहा. नमुन्यांची मापं एकसारखी ठेवा आणि दाब सोडून शिवा, म्हणजे कोणालाही सैल-घट्ट करता येईल. गोव्यात सिनेमाचं युनिट आलं की वेशभूषा विभागात रोजंदारीवर काम मागा. ड्रेसदादांच्या (सेटवर कपडे सांभाळणाऱ्यांच्या) हाताखाली इस्त्री, टॅग, फोटो, एवढंच करायला मिळेल. करा. आणि सोबत सुई-दोरा, सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, काळी-पांढरी-स्किन रंगाची रिळं आणि छोटी कात्री असलेला डबा ठेवा, सेटवर पहिली हाक त्या डब्यामुळेच येते.